बाबा, मी प्रॉप आहे

(पत्राचा सारांश : आम्ही सिडनीत वेस्टमीडला राहतो. मुलगा साडेपंधरा वर्षांचा, दहावीत आहे. शनिवारी दुपारी शाळेकडून रग्बी युनियन खेळतो, रविवारी क्लबकडून रग्बी लीग, म्हणजे रग्बीचे दोन वेगळे खेळ. मी २००३ साली इथे शिकायला आलो आणि त्या वर्षीच्या विश्वचषकापासून मला या खेळाचं वेड लागलं. वेंडेल सेलर, मॅट रॉजर्स, लोटे टुकिरी, इझ्रायल फोलाउ आणि आता जोसेफ सुआली यांच्यासारखं मुलाने दोन्ही खेळांत देशाकडून खेळावं, म्हणून मी आराखडा केला आहे : बाविसाव्या वर्षापर्यंत लीग, मग युनियन, तिशीनंतर पुन्हा लीग. त्यासाठी त्याचं बारा किलो वजन उतरवून त्याला विंगर (कडेने पळणारा खेळाडू) करायचं आहे. घरात भात बंद केला आहे. मुलगा म्हणतो, 'बाबा, मी प्रॉप आहे', म्हणजे पहिल्या रांगेतला दणकट खेळाडू. हा न्यूनगंड कसा घालवावा? जूनमध्ये टॅकल करताना डोक्याला मार लागून तो जरा गांगरला होता, पण पुढच्या रविवारी निवडचाचणी होती म्हणून खेळला, जिद्दी आहे. हल्ली चिडचिड करतो, डोकं दुखतं म्हणतो, गणितात घसरला आहे. शनिवारी सकाळी लहान मुलांच्या सामन्यांत रेफ्री म्हणून जातो, ते बंद करावं का? अकरावीला विषय कोणते घ्यावेत? शाळा बदलावी का?)

नमस्कार,

विषयांकडे आणि शाळेकडे मी येते, पण आधी जून महिन्याबद्दल बोलू या. "जरा गांगरला होता" एवढं लिहून तुम्ही पुढच्या वाक्याकडे वळलात. मला वळता आलं नाही. डोक्याला मार लागून मूल गांगरलं तर ते कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला धक्का, आहे की नाही, हे मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या बापाने ठरवायचं नसतं, आणि ज्याला चाचणी चुकवायची नाही अशा मुलाने तर मुळीच नाही. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टने शालेय आणि स्थानिक खेळासाठी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. कन्कशननंतर किमान २१ दिवस सामना खेळायचा नाही, आणि अंगाला अंग भिडवणारा सराव सुरू करण्याआधी सलग १४ दिवस एकही लक्षण दिसता कामा नये, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. तुमचा मुलगा सातव्या दिवशी मैदानात होता.

तुम्ही त्याला जिद्द म्हणता. मी त्याला जिद्द म्हणणार नाही. घरात आराखडा आहे, भिंतीवर वेळापत्रक आहे, बाबांनी चाचणीसाठी सुट्टी टाकली आहे. अशा घरात पंधरा वर्षांचा मुलगा 'डोकं जड वाटतंय' असं सांगायला धजावत नाही. आणि तुमच्या बाबतीत आणखी एक धोका आहे, जो एकच खेळ खेळणाऱ्या मुलाला नसतो. त्याला प्रशिक्षक दोन आहेत. रविवारी क्लबच्या सामन्यात काय झालं ते शाळेच्या प्रशिक्षकांना कळत नाही, आणि शनिवारचं क्लबला कळत नाही. दोन्हीकडची बातमी फक्त तुमच्याकडे असते. तुम्ही ती दिलीत का, हे पत्रात नाही. म्हणजे बहुधा दिली नाही.

चिडचिड, डोकेदुखी, गणितातली घसरण हे सगळं तुम्ही 'वयच तसं आहे' या खात्यात टाकलं आहे. असेलही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे ते कशामुळे होतंय हे मी सांगणार नाही. पण हे तिन्ही त्या माराच्या नंतर सुरू झालं असेल तर ते डॉक्टरांनी ऐकलंच पाहिजे. उद्या सकाळी जीपीची, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरची, वेळ घ्या, जूनची तारीख सांगा, त्यानंतर तो किती सामने खेळला तेही सांगा. डॉक्टर लेखी परवानगी देईपर्यंत दोन्ही संघांना कळवून त्याला बाहेर ठेवा. चाचण्या बुडतील. बुडू द्या.

आता तुमच्या आराखड्याकडे येते. तो वाचताना मला तुमचा राग आला नाही, उलट माया वाटली, कारण तो कुठून आलाय ते दिसतं. २२ नोव्हेंबर २००३ ची रात्र, सिडनीतलं स्टेडियम, इंग्लंडविरुद्ध अंतिम सामना. तुम्ही या देशात नवे होता, तुमच्याकडे तिकीट नव्हतं, पबमध्ये अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून तुम्ही तो पाहिलात. त्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या मागच्या तिघांत फुलबॅकला रॉजर्स, एका विंगला सेलर आणि दुसऱ्या विंगला टुकिरी होते. तिघेही लीगमधून आलेले. लार्कमने उंच किक मारली, टुकिरीने जेसन रॉबिन्सनच्या डोक्यावरून चेंडू घेतला आणि ट्राय केला. हा रॉबिन्सनसुद्धा इंग्लंडमधला लीगचाच माणूस. पुढे जादा वेळेत विल्किन्सनच्या ड्रॉप गोलने ऑस्ट्रेलिया २०-१७ हरली. तुम्ही लिहिलंय की त्या रात्री पहिल्यांदा हे गाव आपलं वाटलं. हे वाक्य मी दोनदा वाचलं. फार सुंदर आहे ते. पण ती आठवण तुमची आहे. तुमचा मुलगा तेव्हा जन्मालाही आला नव्हता, आणि या गावाला आपलं म्हणण्यासाठी त्याला काही सिद्ध करायचं नाहीये. तो इथलाच आहे.

तुमचा एक गैरसमज मात्र मला मुळापासून काढायचा आहे, कारण बाकी सगळी चूक त्यावर उभी आहे. दोन्ही खेळांत देशाकडून खेळणं ही कारकिर्दीची पायरी आहे, आधी हे मग ते असं ठरवून चढता येते, असं तुम्ही धरून चाललात. तसं नाही. तुमच्या यादीतला एकही माणूस 'मी दोन्ही खेळणार' असं ठरवून मोठा झाला नाही. सुआली लहानपणी शाळेत युनियन आणि बाहेर लीग खेळला हे खरं, पण सिडनीत असे शेकडो मुलगे खेळतात. ही माणसं आधी एका खेळात इतकी वर पोहोचली की दुसऱ्या खेळाने पैसे मोजून त्यांना बोलावलं. आणि बोलावलं कधी? युनियन १९९५ पर्यंत हौशी खेळ होता. लीगमध्ये जाऊन पैसे घेतले की युनियनचं दार कायमचं बंद. रे प्राइस, मायकल ओ'कॉनर हे वॉलाबीज (ऑस्ट्रेलियाचा युनियन संघ) म्हणून खेळले आणि मग लीगमध्ये गेले ते परतीची वाट सोडूनच. १९९५ नंतर दार दोन्ही बाजूंनी उघडलं, तरी ते सताड उघडं नसतं. २००३ चा विश्वचषक घरच्या मैदानांवर होणार होता, तेव्हा युनियनने सेलर, रॉजर्स, टुकिरी यांना एकापाठोपाठ एक आणलं. सुआलीशी करार झाला २०२३ मध्ये, कारण २०२५ ला ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्रित युनियन संघाचा दौरा होता आणि २०२७ चा विश्वचषक पुन्हा ऑस्ट्रेलियातच. सुपर रग्बी या युनियनच्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेतला एकही सामना न खेळता तो नोव्हेंबर २०२४ मध्ये लंडनच्या ट्विकनम मैदानावर उतरला आणि ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ४२-३७ असं हरवलं. विलक्षण आहे हे. पण ते दार तिजोरी आणि विश्वचषक बघून उघडतं, तुमच्या मुलाचा बाविसावा वाढदिवस बघून नाही. (आणि सुआलीच्या बाबतीत एक दुरुस्ती : लीगमधले त्याचे आंतरराष्ट्रीय सामने सामोआकडून आहेत. २०२२ च्या लीग विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तो ऑस्ट्रेलियाच्या विरुद्ध खेळला होता.)

दारापलीकडे काय होतं तेही तुमच्या यादीतच आहे. सेलर २००६ मध्ये कोकेनच्या चाचणीत सापडला, दोन वर्षांची बंदी आली, युनियनमधली कारकीर्द तिथेच संपली. नंतर तो लीगमध्ये परतला. टुकिरीचा युनियनचा करार २००९ मध्ये मध्येच रद्द झाला. फोलाउचा २०१९ मध्ये, समाजमाध्यमांवरच्या त्याच्या मजकुरावरून. कारणं तिघांची निरनिराळी आहेत आणि त्यांचा न्याय करणं हे माझं काम नाही. पण तुम्ही दिलेल्या पाच नावांपैकी तिघांचा युनियनचा रस्ता असा अचानक तुटला आहे. तुमच्या तक्त्यात मात्र प्रत्येक चौकोन भरलेला आहे.

आता त्या वाक्याकडे येते, ज्याला तुम्ही न्यूनगंड म्हणता. 'बाबा, मी प्रॉप आहे.'

दोन पानी पत्रात मुलाच्या तोंडचं हे एकच वाक्य आहे, आणि सगळ्या पत्रातलं सगळ्यांत जाणकार वाक्यही हेच आहे. तुमची यादी पुन्हा बघा. सेलर विंगर, टुकिरी विंगर, रॉजर्स फुलबॅक आणि इतर मागच्या जागा, फोलाउ फुलबॅक, सुआली सेंटर आणि फुलबॅक. सगळे पाठीमागचे, पळणारे, हवेत चेंडू घेणारे. लीगमधून युनियनमध्ये जाणं त्यांनाच त्यातल्या त्यात जमतं, कारण मोकळी जागा मिळाली की पळायचं हे दोन्ही खेळांत सारखं आहे. पुढच्या खेळाडूंचं तसं नाही. लीगमध्ये तेरा जण, सहा टॅकलनंतर चेंडू जातो, आणि स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांनी खांदे भिडवून रेटणं, हा आता बराचसा उपचार उरला आहे. तिथला प्रॉप चेंडू घेऊन भिंतीसारख्या बचावात घुसतो, उठतो, परत घुसतो. युनियनमध्ये पंधरा जण असतात आणि स्क्रम खरा असतो. आठ विरुद्ध आठ, आणि सगळा भार पहिल्या रांगेतल्या तिघांच्या मानेवर आणि पाठीवर. तिथला प्रॉप हा अर्धा पैलवानच. मान कशी ठेवायची, खांदा कुठे टेकवायचा, समोरच्याचा जोर कसा तोडायचा, हे त्याला तालमीतल्यासारखं वर्षानुवर्षं घोटून शिकावं लागतं. कबड्डीत कोपरा सांभाळणाऱ्याला उद्यापासून तू चढाईपटू हो म्हणून कोणी सांगत नाही. तुमचा मुलगा तुम्हाला नेमकं हेच सांगत होता. त्याला दोन्ही खेळ कळतात, स्वतःचं अंग कळतं, आणि तुमच्या यादीत आपण बसत नाही हे त्याने तुमच्याआधी ओळखलं होतं.

बरं, प्रॉप म्हणजे मागे पडलेला असं तुम्हाला कुणी सांगितलं? युनियनच्या मोठ्या सामन्यासाठी २३ जणांचा चमू असतो, आणि पहिल्या रांगेतल्या प्रत्येक जागेला शिकलेला बदली खेळाडू ठेवावाच लागतो, कारण कच्चा माणूस तिथे घुसवला तर मान मोडू शकते. म्हणजे प्रत्येक चमूत चार प्रॉप. वॉलाबीजकडून सगळ्यांत जास्त कसोटी सामने कुणाच्या नावावर आहेत माहीत आहे? जेम्स स्लिपर. प्रॉप. जॉर्ज ग्रेगनचा १३९ सामन्यांचा विक्रम त्याने २०२४ मध्ये मागे टाकला. तुमच्या यादीतल्यांचे आकडे सेलर ३७, रॉजर्स ४५, टुकिरी ६७, फोलाउ ७३ असे आहेत. पोस्टरवर विंगर असतो हे मान्य आहे. पण तुमचा मुलगा ज्या जागेवर उभा आहे ती जागा कमी प्रतीची नाही, आणि ती सोडून बारा किलो उतरव असं त्याला सांगणं म्हणजे त्याच्याकडे जे आहे ते काढून घेऊन जे नाही त्याच्या मागे पळवणं आहे.

आणि भात आज रात्रीच सुरू करा. मी हे कठोरपणे लिहिते आहे. वाढत्या वयाचा मुलगा, आठवड्यात दोन सामने, सराव, अभ्यास, त्यात डोक्याचा मार, आणि ताटातून भात काढून घेतलेला. हे कुठल्याही आहारतज्ज्ञाला विचारून केलेलं नाही, तुम्ही इंटरनेटवर वाचून केलं आहे. आईने ताटावर काही म्हटलं नाही का, असं मला विचारावंसं वाटलं. तिचा उल्लेखच पत्रात नाही. तिचंही ऐका.

या दोन खेळांची ताटातूट कशावरून झाली हे तुम्हाला, इतके वेडे आहात म्हणून, सांगावंसं वाटतं. इंग्लंडमध्ये १८९५ ला उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली ती बुडालेल्या मजुरीवरून. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूचा सामन्यापायी रोज बुडाला तर तो भरून द्यावा की नाही, एवढाच वाद होता. सिडनीत १९०७ साली ॲलेक्स बर्डन नावाचा खेळाडू खेळताना जायबंदी झाला, त्याचं काम थांबलं आणि युनियनकडून त्याला भरपाई मिळाली नाही. त्या असंतोषातून त्याच वर्षी इथे लीग उभी राहिली. तिचा पहिला खजिनदार होता व्हिक्टर ट्रम्पर, आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या आजोबांना माहीत असलेला तोच ट्रम्पर. पहिला मोठा तारा डॅली मेसेंजर युनियन सोडून आला, आणि ज्या परंपरेचं तुम्हाला इतकं आकर्षण आहे ती त्याच्यापासून सुरू होते. खेळाडूच्या दुखावलेल्या शरीराची जबाबदारी कुणाची, या प्रश्नावर हे सगळं उभं राहिलं. तुमच्या घरात हा प्रश्न जूनपासून पडून आहे.

आता तुमचे उरलेले प्रश्न. विषय : इथलीही एचएससीच, एटार (विद्यापीठ प्रवेशासाठीचा क्रमांक) लागेल तेवढा लागेल. गणित सोडू नका, पण मार्क का घसरले ते डॉक्टरांकडून आल्याशिवाय विषय ठरवू नका. शाळेच्या करिअर सल्लागाराला भेटताना त्याला एकट्याला आत जाऊ द्या. टेफ या सरकारी व्यवसायशिक्षण संस्थेतून हाताचं कौशल्य शिकण्याचा रस्ता तुमच्या यादीत नव्हता, तो असायला हवा. शाळा बदलू नका. मोठ्या फीच्या शाळेचं मैदान हिरवं असतं, पण मुलाचे मित्र या शाळेत आहेत. आणि खेळातली नोकरी किती मोठी ते एकदा मोजून ठेवा. एनआरएलमध्ये, म्हणजे लीगच्या मुख्य स्पर्धेत, १७ क्लब, प्रत्येकाच्या मुख्य चमूत ३०, म्हणजे सगळे मिळून ५१०. त्यांत न्यूझीलंडचा एक संघ आणि सगळ्या पॅसिफिकमधून आलेली मुलं धरून. सुपर रग्बीत मेलबर्न रेबेल्स २०२४ मध्ये बंद पडल्यापासून ऑस्ट्रेलियाचे चारच संघ उरले आहेत. त्याला खेळायचं असेल तर जरूर खेळू दे, पुढे कुणाचं लक्ष गेलं तर आनंदच आहे. पण दोन खेळ एकाच आठवड्यात आता नकोत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर कोणता ठेवायचा ते त्याला विचारा, आणि 'कोणताच नको' असं उत्तर आलं तरी ते उत्तर आहे.

शेवटी रेफ्रीचं. तुम्ही ते 'वेळ जातो' म्हणून लिहिलंत, आणि मला सगळ्या पत्रात तिथेच बरं वाटलं. तुमच्या मुलाच्या आठवड्यात दुसऱ्या कुणी न ठरवलेली ती एकच गोष्ट आहे. मी सिडनीत शाळांमध्ये सल्ला देण्याचं काम बरीच वर्षं करते आहे, आणि शनिवारी सकाळी आठ वर्षांच्या मुलांच्या सामन्यांत शिटी वाजवणारी ही पोरं मी पाहिली आहेत. कडेला तीस आईबाप ओरडत असतात, एक पोर रडत असतं, दुसऱ्याच्या बुटाची नाडी सुटलेली असते. त्या गोंधळात पंधरा वर्षांचा मुलगा शांतपणे 'पेनल्टी' म्हणतो आणि हात वर धरतो. नियम पाठ असावे लागतात, लहानांशी बोलता यावं लागतं, मोठ्यांचा आरडाओरडा सोसावा लागतो. हे तो आपणहून करतो आहे, आणि त्याचे चार पैसेही त्याला मिळतात. बंद करू नका. पळण्याला हरकत नाही ना एवढं मात्र त्याच डॉक्टरांना विचारा. आणि कृपा करून याचाही आराखडा करू नका. रेफ्री म्हणून देशाकडून, बत्तिसाव्या वर्षी विश्वचषक, असलं काही तक्त्यात लिहू नका.

एखाद्या शनिवारी त्याला विचारून त्या मैदानावर जा. तो नको म्हणाला तर जाऊ नका.

पुढचं पत्र त्याने लिहिलं तर मला आवडेल. मराठी लिहिता येत नसेल तर इंग्रजीत चालेल, आणि ते तुम्ही आधी वाचलं नाहीत तरी चालेल.